नऊ वर्षांची पाहुणी

डोरायला माणसं ओळखता येत नाहीत असं कोणी म्हणालं असतं, तर तिने लगेच मानांग पुरिंगचं नाव पुढे केलं असतं. इलोइलोहून विनिपेगला आली तेव्हा तिच्याकडे दोन बॅगा होत्या आणि एकच पत्ता होता, तो मानांगचा. विमानाचं तिकीट मानांगने काढलं. बर्फातले बूट मानांगने आणले. वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात कामाला चिकटवलं तेही मानांगनेच, आणि राहायला दिलं ते स्वतःच्या घराचं तळघर. तशी ती डोरायची सख्खी बहीण नव्हे, आईच्या मावसबहिणीची मुलगी. पण परमुलखात एवढं नातं सख्ख्याच्या वर धरतात, आणि थोरल्या बहिणीला मानांग म्हटलं की मग हिशेबाची भाषा संपते.

हिशेब नव्हता म्हणजे पैसे नव्हते असं मात्र नाही. तिकिटाचे पैसे डोरायने पहिल्याच वर्षी फेडले. आणि दर महिन्याच्या एक तारखेला ती पांढऱ्या पाकिटात नोटा घालून वर स्वयंपाकघरात जायची आणि पाकीट भाताच्या कुकरशेजारी ठेवून म्हणायची, "मानांग, घरासाठी थोडंसं." हे थोडंसं सार्जंट रस्त्यावरच्या कुठल्याही तळघराच्या भाड्याइतकं होतं, दोनदा वाढलंही होतं. मानांग दर वेळी म्हणायची, "अगं, कशाला?" आणि पाकीट एप्रनच्या खिशात टाकायची. नऊ वर्षांत ना ते पाकीट चुकलं, ना ते "अगं, कशाला". आपल्या माणसाला भाडं म्हणून पैसे देत नाहीत, आणि पावती मागणं तर लांबच. पावती मागायची म्हणजे तोंडावर चोर म्हणायचं. डोरायच्या ते स्वप्नातही आलं नसतं.

आता डोरायची मुलगी जोवी येणार होती. डोरायने तिला दहा वर्षांची असताना आजीपाशी, तिच्या लोलापाशी, ठेवलं होतं, दोन वर्षांत बोलावते म्हणून. मग एकदा कागद हरवले, एकदा बापाची सही मिळेना. बाप बाकोलोदला दुसऱ्या बाईच्या घरी राहत होता आणि सहीच्या बदल्यात मोटरसायकल मागत होता. शेवटी पोर अठरा पुरी झाली, बापाच्या सहीची गरजच संपली, आणि एकोणिसाव्या वर्षी व्हिसा आला. अठरा एप्रिलला विमान.

डोरायला तिला तळघरात आणायचं नव्हतं. तळघराला एकच खिडकी, तीही छतालगत, आणि नोव्हेंबर ते मार्च तिच्यातून फक्त बर्फ दिसायचा. नऊ वर्षं व्हिडिओवर बोलताना तिने भिंतीला पाठ लावूनच फोन धरला होता, म्हणजे पोरीला ती खिडकी दिसू नये. तेव्हा मार्चमध्ये तिने स्वतःहून एक जागा शोधून काढली. तिसरा मजला, एक झोपायची खोली, स्वयंपाकघराला रस्त्याकडे उघडणारी मोठी खिडकी, खाली बसचा थांबा. इमारत बघणारी बाई मिसेस वोझ्नी, साठीची, गळ्यात चष्मा अडकवलेला. तिने डोरायचा पगाराचा कागद पाहिला, वृद्धाश्रमाला फोन केला आणि खूश झाली. मग तिने कंप्युटरवर काहीतरी भरलं आणि बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसली.

"तुम्ही सापडत नाही," ती म्हणाली.

"मी?"

"तुमची उधारीची नोंद. चांगली नाही, वाईट नाही. नोंदच नाही."

"मी नऊ वर्षं इथे आहे. दर वर्षी कर भरते."

"करवाल्यांना तुम्ही माहीत आहात हो. उधारीवाल्यांना नाही. क्रेडिट कार्ड?"

"नाही."

"गाडीचं कर्ज? फोनचं बिल?"

फोन मानांगचा नवरा नेस्तोर याच्या नावावर होता, सगळ्या कुटुंबाचा मिळून एक, डोराय आपला वाटा देत होती. विजेचं बिल मानांगच्या नावावर. गाडी नव्हतीच. "मी कधी कोणाचा एक पैसा बुडवलेला नाही," डोराय म्हणाली. ती हे ताठ मानेने म्हणाली, कारण तिच्या बापाने हप्त्यावर घेतलेला पंखा दुकानदार सगळ्या गल्लीदेखत काढून घेऊन गेला होता, आणि तेव्हापासून उसनं न घेणं हाच तिचा धर्म होता.

"बुडवायला आधी घ्यावं लागतं," मिसेस वोझ्नी म्हणाली. तिने ते टोमणा म्हणून म्हटलं नाही. "कंप्युटरच्या लेखी तुम्ही काल विमानातून उतरलात."

डोरायने बँकेचे कागद पुढे केले. दर महिन्याच्या शेवटी रोख रक्कम काढलेली, एकही महिना न चुकता. मिसेस वोझ्नीने ते नीट वाचले आणि परत दिले. पैसे काढलेत हे दिसतं, कुणाला दिलेत हे दिसत नाही, असं तिचं म्हणणं. बाई मनाने वाईट नव्हती. तिनेच तोड काढली. "आत्ता राहता त्या घरमालकाचं पत्र आणा. किती वर्षं राहिलात, भाडं वेळेवर दिलंत की नाही, एवढं दोन ओळींत. नऊ वर्षांचं पत्र असेल तर कंपनीशी मी भांडेन. शुक्रवारपर्यंत जागा कोणाला दाखवत नाही."

डोराय हसतच बाहेर पडली. पत्रच ना? उधारीवाले ओळखत नसतील, मानांग तर ओळखते.

संध्याकाळी मानांग स्वयंपाकघरात मोलो, म्हणजे मांसाच्या छोट्या करंज्या, भरत बसली होती. डोरायने हात धुतले आणि समोर बसून तीही भरायला लागली. चार-पाच मोलो झाल्यावर तिने विषय काढला.

"घर? कशाला?" मानांगचे हात थांबले. "इथे काय टोचतंय तुला?"

"टोचत काही नाही, मानांग. जोवी मोठी झाली आहे. तिला उजेड हवा."

"उजेड." मानांगने नवऱ्याकडे पाहिलं. "ऐकलंस, नेस्तोर? आपल्या घरात उजेड नाही."

नेस्तोर टीव्हीसमोर बसला होता. त्याने मान वर केली, डोरायकडे बघितलं, आणि पुन्हा टीव्हीत घातली. तो माणूस घरात भांडण दिसलं की नेहमी असाच बहिरा व्हायचा.

मानांगने उरलेले मोलो भरून संपवले. मग तिचं मन पालटलं असावं. तिने पिठाचे हात पुसले आणि डोरायच्या गालाला लावले. "जा बाई. मी कोण अडवणारी? पोरगी येते आहे, आईने घर करावं, बरोबर आहे. काय लिहायचं सांग. मीच लिहिते, नेस्तोरचं इंग्रजी कारकुनी आहे."

"एवढंच, की मी नऊ वर्षं राहिले. आणि दर महिन्याला वेळेवर."

"कळलं गं. मला शिकवतेस?"

गुरुवारी पाकीट तयार होतं, चिकटवलेलं, वर मानांगचं गोल गोल अक्षर. "उघडू नकोस. उघडलेलं पत्र बरं दिसत नाही. आणि हे घे, त्या बाईला दे." प्लास्टिकच्या डब्यात चाळीस मोलो होते. डोरायचे डोळे भरून आले. तिने नमस्कार म्हणून मानांगचा हात घेऊन कपाळाला लावला. चाळिशी उलटलेली बाई, पण त्या क्षणी तिला लहान झाल्यासारखं वाटलं आणि ते बरं वाटलं.

त्याच दिवशी तिने जोवीला फोन केला. "तिसरा मजला," ती म्हणाली. "खिडकीतून रस्ता दिसतो. तुझा पलंग खिडकीखाली लावू."

"आणि तुझा?"

"मला काय, मी कुठेही झोपते."

शुक्रवारी मिसेस वोझ्नीने आधी मोलोचा डबा उघडून वास घेतला, आमच्याकडे पण असंच करतात म्हणाली, आणि मग चष्मा लावून पत्र उघडलं. सुरुवातीला तिचा चेहरा छान होता. मग तिने पत्र परत वरून वाचायला घेतलं.

"वाचून दाखवू?" तिने विचारलं.

"हो."

"'तेओडोरा (आमची डोराय) मला बहिणीसारखी आहे. गेली नऊ वर्षं ती आमच्या कुटुंबाची पाहुणी म्हणून आमच्या घरी राहते आहे. या काळात आम्ही तिच्याकडून कधीही भाडं घेतलेलं नाही. ती स्वच्छ आहे, देवाला मानणारी आहे आणि अजिबात आवाज करत नाही.'"

डोरायला आधी वाटलं की पुढे अजून काहीतरी असेल. ती वाट बघत राहिली. मिसेस वोझ्नीने कागद उलटा करून दाखवला. मागे कोरा होता.

"मी भाडं दिलं आहे," डोराय म्हणाली. "दर महिन्याला."

"मग हिने असं का लिहिलं?"

"विसरली असेल."

"नऊ वर्षं?" मिसेस वोझ्नीने चष्मा काढला. डोरायला तिचं तोंड बघवेना. बाईला तिची दया आली होती, आणि दयेच्या खाली आणखी काहीतरी होतं: या दोघींपैकी कोणीतरी मला बनवतंय, असा हिशेबी संशय. "हे पत्र मी कंपनीला दाखवलं तर ते म्हणतील, हिने आयुष्यात कधी भाडंच भरलेलं नाही. त्यापेक्षा पत्र नसलेलं बरं होतं. ज्याच्या नावावर घर आहे असं कोणी जामीन राहील का? सोमवारपर्यंत थांबते. त्यापुढे माझ्या हातात नाही."

घर नावावर असलेलं आणि डोरायसाठी सही करेल असं जगात एकच माणूस होतं, निदान सकाळपर्यंत तरी होतं.

घरी येईपर्यंत डोरायने मानांगची बाजू घेऊन पाहिली. इंग्रजीत गडबड झाली असेल. घाईत लिहिलं असेल. बसमध्ये तिने पत्र तीनदा काढून वाचलं, आणि दर वेळी 'कधीही' हा शब्द तिथेच होता. आवाज करत नाही, हेही. हे वाक्य मानांगने कौतुकाने लिहिलं होतं हे तिला माहीत होतं, म्हणून ते अजूनच लागलं.

मानांग चर्चच्या वेदीवरची पांढरी कापडं इस्त्री करत होती. वेदीची धुणी-इस्त्री वीस वर्षं तिच्याकडे होती. "झालं का? आवडले का तिला मोलो?"

"मानांग, तू लिहिलंस मी भाडं दिलं नाही."

इस्त्री थांबली नाही. "बस आधी."

"मी दिलं आहे."

"मग काय लिहू? भाडं घेते? उद्या करवाले दारात. नगरपालिकेचा माणूस दारात, तळघराचा परवाना दाखवा म्हणून. आहे आपल्याकडे परवाना? नेस्तोरचं वय बघ. हे घर गेलं तर कुठे जाऊ आम्ही?"

"मग पत्र देत नाही म्हणायचं होतंस. मी दुसरं काही बघितलं असतं. तू मला बंद पाकीट देऊन पाठवलंस."

"मी तुला नाही कशी म्हणणार? तू माझी बहीण आहेस." मानांगने कापड उलटवलं आणि घडीवर इस्त्री दाबली. "आणि खोटं काय लिहिलं मी? सांग. मी तुझ्याकडे भाडं मागितलं कधी? नऊ वर्षांत एकदा तरी?"

डोरायने तोंड उघडलं. आणि तिला कळलं की हे खरं आहे. मानांगने कधीच मागितलं नव्हतं.

"तू आपणहून ठेवत होतीस," मानांग म्हणाली. "घरासाठी थोडंसं. तुझेच शब्द. मी प्रत्येक वेळी म्हणायचे, कशाला. म्हणायचे की नाही?"

"म्हणायचीस."

"मग?"

नऊ वर्षं जी रीत तिने आदर म्हणून पाळली तिचीच दोरी करून मानांगने तिचे हात बांधले होते, तेही इस्त्री न थांबवता. तिला ओरडावंसं वाटलं. पण तिला या घरात ओरडायची सवय नव्हती, आणि आयत्या वेळी ती येत नाही. ती एवढंच म्हणाली, "मग जामीन राहा. सही कर. तीत भाड्याचं काही लिहावं लागत नाही."

"नेस्तोर नाही म्हणेल."

नेस्तोर दहा हातांवर बसला होता. त्याला कोणी विचारलं नाही.

"ऐक," मानांगचा आवाज मऊ झाला. "इथेच राहा. जोवीला इथे आण. मी काय तिला बाहेर ठेवणार आहे? पाणी, हीटर, दोन माणसांचं थोडं वाढेल, एवढंच."

"किती?"

"दोनशे धर. आणि आपलं पाकीटच बरं."

तरी डोरायने सोमवारपर्यंत हातपाय मारले. एका इमारतीत सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागितलं. तेवढे पैसे तिने जोवीच्या तिकिटात आणि व्हिसात घातले होते. दुसरीकडे कंप्युटरने तिला पुन्हा ओळखलं नाही. मग रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर तिने लुर्देसला गाठलं. लुर्देस धुलाईघरात तिच्या शेजारच्या यंत्रावर काम करायची, स्वतःचं घर होतं, आणि सात वर्षं दोघी एकमेकींच्या डब्यातलं जेवत होत्या. जामीन म्हटल्यावर लुर्देसने पर्सचा पट्टा खांद्यावर नीट केला.

"रागावू नकोस, डोराय. पण नऊ वर्षं मानांगकडे फुकट राहिलीस. त्या काळात माणूस घराचे पैसे साठवतो. तू काय केलंस त्या पैशांचं?"

"फुकट? कोण म्हणालं फुकट?"

"सगळ्यांना माहीत आहे. मानांग बिचारी कधी बोलून दाखवत नाही हं. फक्त बायकांच्या प्रार्थनेला म्हणायची, डोराय लवकर स्वतःच्या पायावर उभी राहू दे, असं मागा देवाकडे."

म्हणजे नऊ वर्षं आठ-दहा बायका दर गुरुवारी गुडघे टेकून तिच्या फुकटेपणासाठी प्रार्थना करत होत्या. डोरायला एकदम कितीतरी गोष्टी उलगडल्या. तिने नवा कोट घेतला त्या वर्षी सगळ्यांनी कोटाला हात लावून "वा, भारी आहे" म्हटलं होतं, आणि कोणीही हसलं नव्हतं. चर्चच्या छपरासाठी तिने पन्नास दिले तेव्हा वर्गणी घेणारी म्हणाली होती, "एवढेच?" तिला वाटायचं, आपण या माणसांत आहोत. ती माणसं तिला मानांगच्या ताटात जेवणारी समजत होती. लुर्देससुद्धा.

"मी दर महिन्याला भाडं दिलं आहे," डोराय म्हणाली.

लुर्देसने तिच्या हातावर थोपटलं. "बरं," ती म्हणाली, आणि गाडीची किल्ली शोधायला लागली.

तिसऱ्या मजल्यावरची जागा मंगळवारी कोणा विद्यार्थ्याला गेली. मिसेस वोझ्नीने स्वतः फोन करून सांगितलं आणि डबा घेऊन जा म्हणाली. डोराय डबा आणायला गेली नाही. तिने जोवीला सांगितलं की त्या घराचा हीटर बिघडलाय, दुरुस्त होईपर्यंत तीया पुरिंगकडे, मावशीकडे, राहू. जोवी म्हणाली, "चालेल ना. मला तीयाला भेटायचंच आहे." एक एप्रिलला डोरायने कुकरशेजारी पाकीट ठेवलं, दोनशे जास्तीचे घालून. तोंडाने काही म्हटलं नाही. मानांग मात्र म्हणाली, "अगं, कशाला?"

अठरा तारखेला विमानतळावर जी मुलगी बाहेर आली ती डोरायपेक्षा उंच होती. दोघी एकमेकींना घट्ट धरून उभ्या राहिल्या आणि मग हात कुठे ठेवायचे ते दोघींनाही सुचेना. जोवीने आईचं तोंड निरखून पाहिलं. "फोनवर तू गोरी दिसतेस," ती म्हणाली, आणि दोघी हसल्या.

घरी मानांगने भिंतीला फुगे लावले होते. जोवीच्या नावाचा कागदी फलक, पान्सितच्या शेवयांचं मोठं तबक, भाजलेलं डुक्कर, गाण्यांचं करीओके जोडलेलं, चर्चमधली वीसेक माणसं. जोवीने बूट काढले आणि सरळ मानांगपाशी जाऊन तिचा हात कपाळाला लावला. मग बॅगेतून बिस्कोचो बिस्किटांचे चार डबे काढून दिले. "मम्माने तुमच्याबद्दल इतकं सांगितलंय, तीया," ती म्हणाली. "तुम्ही नसतात तर आमचं काय झालं असतं."

हे डोरायनेच तिला नऊ वर्षं शिकवलं होतं. तीयाला नमस्कार सांग. तीयासाठी प्रार्थना कर.

मानांगने तिला छातीशी धरलं. "अगं, आपल्या माणसासाठी नाही करायचं तर कोणासाठी? तुझी आई इथे होती नऊ वर्षं. विचार तिला, एक सेंट तरी घेतला का मी?"

सगळी डोरायकडे बघायला लागली. लुर्देस हातात थाळी घेऊन उभी होती. जोवी हसत होती, आईने मान हलवायची वाट बघत. मान हलवली असती तर जेवण सुरू झालं असतं.

"घेतलास," डोराय म्हणाली. "दर महिन्याच्या एक तारखेला. या महिन्यातही, दोनशे वाढवून."

नेस्तोर करीओकेचं पुस्तक चाळायला लागला. मानांग चिडली असती तर डोरायला चाललं असतं. पण मानांग खुर्चीवर बसली, तिचे डोळे भरून आले, आणि लुर्देस पाणी आणायला धावली.

"असू दे," मानांग म्हणाली. "कोणी तिला काही बोलू नका. पोरगी आल्याच्या आनंदात तिला काय बोलावं ते कळत नाहीये. जेवा रे सगळे."

आणि सगळे जेवायला लागले. पान्सित वाढताना एका बाईने डोरायच्या थाळीत चिमूटभर टाकलं आणि पुढे गेली.

तासाभराने जोवी खाली तळघरात आली. डोराय पलंगावर बसली होती. तिने पोरीसाठी नवी चादर घातली होती, पिवळी. जोवीने ती खिडकी बघितली, चादर बघितली, आणि दार लोटलं.

"का बोललीस तसं? माझा पहिला दिवस होता."

"ते खरं होतं म्हणून."

"त्या रडत होत्या, मम्मा. तिथल्या सगळ्या बायका म्हणतात तू इथे फुकट राहिलीस. फादर पण म्हणाले, मानांगचं मन मोठं." जोवी बॅगेवर बसली. तिचा आवाज मोठा नव्हता. "मी नर्सिंगचं दुसरं वर्ष सोडलं तेव्हा तू म्हणाली होतीस, भाडं वाढलंय, फी पाठवता येणार नाही."

"वाढलं होतं."

"लोला म्हणायची, भाडंबिडं काही नाही. तुझ्या आईला तिकडे कोणीतरी मिळाला असेल, पैसा तिकडे जातो. मी तिच्याशी भांडायचे. दोन महिने बोलत नव्हते मी लोलाशी, तुझ्यासाठी."

डोरायला हे माहीत नव्हतं. आपल्या आईने असं म्हणावं, आणि पोरीने एकटीने ते झेलावं. "कोणी नव्हतं, जोवी. मी कामावर जायचे आणि इथे यायचे. दुसरं काही नाही."

"मग पैसे कुठे गेले?"

"मानांगला दिले."

"कागद आहे काही? एखादा मेसेज? काहीही?"

"नाही."

जोवीने मान हलवली. ती रडत नव्हती. ती आईकडे बघत होती, विमानतळावर बघितलं होतं तसंच, पण आता हसू नव्हतं. "मला तुझ्यावर विश्वास ठेवायचा आहे," ती म्हणाली. "खरंच. पण तू गेलीस तेव्हा मी दहा वर्षांची होते. मला तू फक्त फोनवर माहीत आहेस, मम्मा. तू खोटं बोलताना कशी दिसतेस ते मला माहीत नाही. आणि खरं बोलताना कशी दिसतेस तेही."

वरून मानांगने हाक मारली, अगदी मायेने, "जोवी, ये गं, केक कापायचाय."

जोवीने हाताने चेहरा पुसला. "आले, तीया," ती म्हणाली, आणि जिना चढून वर गेली.